ओलीस ठेवलेली कवळी

आमच्या ह्यांच्या आयुष्यात दोन बायका आहेत. एक मी. दुसरी एका पुस्तकात दार धरून उभी आहे. माझ्याकडे बघायला ह्यांना वेळ मिळो न मिळो, तिची काळजी मात्र सकाळी चहाबरोबर सुरू होते. "बिचारीचा खांदा किती दुखत असेल गं," असं मलाच विचारतात. मागे माझा खांदा आखडला होता तेव्हा मलमाची ट्यूब मीच शोधली आणि मीच चोळली, एवढं सांगून ठेवते आणि पुढे जाते.

हे दातांच्या कवळ्या करतात. घराची पुढची खोली म्हणजे ह्यांचा कारखाना. समोरासमोरच्या भिंतींना दोन टेबलं, एकमेकांकडे पाठ करून. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, नवीन माणूस आत आला की आधी त्यांच्याकडे बघतो आणि मग हळूच जिभेनं स्वतःचे दात चाचपतो. मेण वितळवायची छोटी शेगडी, दातांच्या रंगांच्या पट्ट्या, हिरड्यांसाठी गुलाबी पावडर. आतल्या अंधाऱ्या खोलीत पॉलिशचं मशीन, कारण त्याची धूळ फार उडते. त्या खोलीच्या दाराची कडी मी लग्न होऊन आले तेव्हापासून मोडकी आहे. दुनियेचे जबडे बसवणाऱ्या माणसाला एक कडी बसवता येत नाही.

दुसरं टेबल सासऱ्यांचं. हे सगळं काम ह्यांना त्यांनीच शिकवलं. माणूस हाताचा सोन्यासारखा आणि तोंडाचा अगदी कंजूष. मुलानं जीव ओतून केलेली कवळी बाबा उलटसुलट करून बघायचे, उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, "चालेल." त्यापुढची पदवी त्यांच्याकडे नव्हतीच. आणि 'चालेल'सुद्धा वर्षाकाठी एखाद्या वेळी. बाकीचे दिवस नुसतं "हं." बापलेक दिवसभर पाठीला पाठ लावून बसणार आणि प्लास्टर भिजलं का, मेण संपलं का, यापलीकडे शब्द नाही. मी सुरुवातीला समजले होते, भांडण झालंय. नंतर कळलं, हे यांचं चांगलं चाललेलं असतं.

मग बाबांची नजर गेली. अगदी गेली नाही, पण बारीक काम होईना. टेबल सुटलं, खिडकीजवळची खुर्ची आली. रिकामा बसलेला कारागीर म्हणजे घराला ताप. दर पाच मिनिटांनी "काय करतोस?" आणि "असं नव्हे." शेवटी वैतागून ह्यांनी एका लांबलचक कादंबरीचा पहिला जाडजूड भाग आणला आणि दुपारच्या जेवणानंतर मोठ्यानं वाचायला लागले. डोंगरातलं राज्य, धुक्यातून येणारी भुतावळ, बोलणारे कावळे, असला सगळा प्रकार. मी म्हटलं, बाबा दुसऱ्या पानाला झोपतील. झोपले कुठले? "पुढं?" म्हणाले. त्या घरात मी पहिल्यांदा सासऱ्यांच्या तोंडून प्रश्न ऐकला, ज्यात खोड काढलेली नव्हती.

चार भाग वाचून झाले. बापलेक बोलायला लागले हो. अमका सरदार फितूर आहे की नाही यावरून जेवताना वाद. चौथ्या भागाच्या शेवटच्या पानावर राज्याच्या वेशीवरचे सगळे शिपाई पळून जातात आणि एकटी दरवाजेवाली उरते. म्हणजे पहारेकऱ्याची विधवा. पलीकडून कोणीतरी दार ढकलतंय आणि ही खांदा लावून उभी. तिथं पुस्तक संपलं. शेवटचा भाग पुढल्या वर्षी, असं मागच्या पानावर छापलेलं.

ते पुढलं वर्ष अजून उजाडायचंय.

दर वर्षी प्रकाशकाकडून बातमी यायची की लेखकमहाशय अखेरचा हात फिरवत आहेत. "हात फिरवतोय की हातावर हात ठेवून बसलाय?" हे म्हणायचे. एकदा टीव्हीवर मुलाखत झाली. लेखक हसून म्हणाले, "चांगल्या गोष्टीला घाई करून चालत नाही. वाट बघण्यातही आनंद असतो, तो वाचकांनी शिकावा." त्या दिवशी ह्यांनी रागाच्या भरात एका बाईंच्या कवळीला वरचे दात खाली लावले. तेव्हापासून त्या लेखकाचं नाव आमच्या घरात कासवराव पडलं. फोनवर वाचकांचा एक गट आहे, तिथं सगळे मिळून कासवरावांचा उद्धार करतात. मी म्हणायची, "तुमच्या शिव्यांचं पुस्तक काढा, ते तरी वेळेवर येईल."

पण थट्टा आपल्या जागी. कारण मधल्या काळात बाबा विसरायला लागले. आधी हत्यारांची नावं गेली, मग नातेवाइकांची. एकदा मी चहा दिला तर म्हणाले, "तुम्ही कोणाकडच्या?" मी आत जाऊन रडले आणि मग पुन्हा चहा घेऊन गेले. एवढं सगळं जात होतं, पण ती बाई जात नव्हती. रोज दुपारी जेवण झालं की खुर्चीत सरळ बसायचे आणि विचारायचे, "पुढचा भाग आला का? सुटली का ती?" हे म्हणायचे, "नाही बाबा, अजून उभी आहे." बाबा मान हलवायचे. एका दुपारी हे मला मोरीपाशी गाठून म्हणाले, "अगं, ती कोण हेच एक दिवस बाबांना आठवेनासं झालं, तर मग पुस्तक येऊन करायचंय काय?" ह्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी चेष्टा करणार होते, ती गिळली.

आणि मग त्याच महिन्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून मापांची पेटी आली. वरखाली दोन्ही पूर्ण कवळ्या. चिठ्ठीवरचं नाव ह्यांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग चौथा भाग आणून मागच्या फोटोशी ताडून बघितलं. "अगं," म्हणाले, "कासवराव बोळका झालाय."

त्या क्षणी ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

कवळी त्यांनी आठवड्याच्या आत केली. आणि काय केली म्हणून सांगू. पुस्तकामागच्या फोटोत पुढचा एक दात किंचित तिरका होता, तो तसाच तिरका बसवला. हिरडीला एकच गुलाबी रंग न देता दोन रंग कालवले. दात जिथे हिरडीतून निघतात तिथे बारीक सावली धरली. शिव्या चालूच, हात मात्र देवघरातल्यासारखा. झाल्यावर काचेच्या वाटीत पाण्यात घातली, वाटीवर झाकण ठेवलं आणि वाटी गुलाबी पावडरच्या डब्यामागे ठेवून दिली.

"पाठवत नाही?" मी विचारलं.

"घाई करून चालत नाही," हे म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला की हे हातवारे करायचे आणि खोटं बोलायचं माझ्या वाट्याला. आज काय, तर साचा तडकला. उद्या काय, तर रंग जुळत नाही. मग पावडर आली नाही. एकदा तर मी सांगितलं की कारागीर अखेरचा हात फिरवताहेत. मला पाप लागत असेल, पण मजा आली हे नाकारत नाही. शेवटी बाई चिडल्या, म्हणाल्या, पेशंटला काय सांगू? ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "त्यांना सांगा, वाट बघण्यातही आनंद असतो. तो त्यांनी शिकावा."

मला वाटलं, एवढ्यावर मिटेल. दोन दिवस हसतील, मग देतील. पण ह्यांच्या डोक्यात आता वेगळंच शिरलं होतं. पुस्तक आलं की दात सोडायचे. मी म्हटलं, "अहो, त्या माणसाला माहीत तरी आहे का तुम्हाला काय हवंय ते?" म्हणाले, "लेखक आहे, कळेल." 

एका सकाळी दारात रिक्षा थांबली. एक तरुण बाई उतरली आणि तिच्या मागून तोंडावर रुमाल धरलेले एक गृहस्थ. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाकडे निघालेली. फोटोतला रुबाब कुठल्या कुठे. ह्यांनी बघितलं आणि उठून उभे राहिले, आणि मला शपथेवर सांगता येईल, ह्यांचे हात आपोआप जोडले गेले. इतकी वर्षं शिव्या घातल्या खऱ्या, पण भक्तच तो.

गृहस्थ काहीतरी बोलले. म्हणजे फसफस झाली, शब्द एकही कळला नाही.

"मामा म्हणतात, तो वाट बघण्याचा निरोप मिळाला," ती बाई म्हणाली. ती त्यांची भाची. "मामा फार हसले. पण आता खरंच द्या हो. आमचं काम अडलंय."

"कसलं काम?" ह्यांनी मान ताठ करून विचारलं. "आमचंही अडलंय. कितीतरी वर्षं."

"पुस्तकाचं," भाची म्हणाली. "मामांच्या हाताची बोटं वाकलीत, लिहिता येत नाही. मामा बोलतात, मी टाइप करते. मध्ये तब्येत, मध्ये डोळे, असं करत करत शेवटच्या प्रकरणापर्यंत आलो होतो. तेवढ्यात दात काढावे लागले. आता ते बोलतात आणि मला काही म्हणजे काही कळत नाही. 'दार'चं मी 'फार' लिहिते. रोज भांडणं होतात. तुमची कवळी आली असती तर एव्हाना पुस्तक प्रेसमध्ये असतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ज्या पुस्तकासाठी दात अडवले, ते पुस्तक ह्यांच्याच पावडरच्या डब्यामागे पाण्यात पडलं होतं. हे एकदा माझ्याकडे बघतात, एकदा डब्याकडे. मी छताकडे बघत राहिले. मग ह्यांनी डबा सरकवला आणि वाटी काढली. भाचीनं झाकणावरची धूळ बघितली. तिच्या भुवईनं बोलायचं ते बोलून घेतलं.

ह्यांनी कवळी धुतली, बसवली. गाल भरले, हनुवटी जागेवर गेली, आणि बघता बघता फोटोतला माणूस आमच्या स्टुलावर बसलेला. भाचीनं आरसा धरला. त्यांनी तो तिरका दात बघितला, बोटानं चाचपला आणि ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांनी नजर चुकवली.

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला. "पाठ असलेलं काहीतरी म्हणा."

बाबा. इतका वेळ खुर्चीत डोळे मिटून बसले होते. पण ही त्यांची रीत, ती कशी विसरतील? जुन्या काळी गिऱ्हाईक थेट त्यांच्याकडे यायचं. कवळी बसवली की बाबा त्याला पाठ असलेलं म्हणायला लावायचे. माणूस विचार करून बोलला की जपून बोलतो, दात आपटत असले तरी कळत नाही. पाठ असलेलं मात्र आपल्या चालीनं सुटतं. कोणी पाढे म्हणायचं, कोणी गावांची नावं. एकानं बायकोशी झालेलं भांडण म्हटलं होतं, दोन्ही बाजूंनी.

लेखकमहाशय गोंधळले. "मामांना स्वतःचा फोन नंबर पाठ नाही," भाची म्हणाली.

"एक आहे पाठ," ते म्हणाले. पहिलं स्पष्ट वाक्य. "शेवटचं प्रकरण. रोज मनात म्हणतो, निसटू नये म्हणून."

बाबा खुर्चीत सरळ झाले. "कुठलं? दरवाजेवालीचं? सुटली का ती?"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं आयतं समोर आलेलं. आणि हे असले कट्टर, की शेवट पुस्तकातच वाचणार, पानं उलटत, क्रमानं. कोणी आधी सांगितला तर त्याचं तोंड बघणार नाहीत. "थांबा," म्हणाले. "बाबांना सांगा. मी नाही ऐकत." आणि आतल्या खोलीत गेले, पॉलिशचं मशीन सुरू केलं. दार लावलं, पण कडी मोडकी, ते परत उघडायला लागलं. मग आतून खांदा लावून उभे राहिले. फटीतून मला ह्यांच्या सदऱ्याची बाही दिसत होती. मी त्या पुस्तकातलं एक पान वाचलेलं नाही, पण ते चित्र बघून मला हसू आवरेना.

लेखकानं सांगितलं. बाबांसमोर स्टूल ओढून, गुडघ्याला गुडघा लावून. बाबा एकेक शब्द कान देऊन ऐकत होते. संपल्यावर डोळ्यांना पाणी. मग म्हणाले, "असं होय." आणि थोड्या वेळानं, "डावा सुळा लागतोय. घासून घ्या."

ह्यांना बाहेर बोलावून सुळा घासून घेतला. मंडळी गेली. हे हवेत होते. पुस्तक आता महिन्याभरात येणार, बाबांनाही शेवट कळला, सगळं गोड झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं. बाबा खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, "पुढचा भाग आला का? सुटली का ती?"

ह्यांच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. मी बघितलं, हात पुसले आणि बाबांसमोर स्टूल ओढलं. कारण आता घरात तो शेवट जाणणारी एकटी मीच होते. ह्यांनी मुकाट्यानं आत जाऊन मशीन लावलं.

तेव्हापासून तो नेमच झाला. जेवण, प्रश्न, मशीन, शेवट. रोज बाबांच्या डोळ्यांना पाणी, रोज "असं होय." जगातले सगळे वाचक एका पुस्तकासाठी ताटकळलेले आणि आमच्या सासऱ्यांना ते रोज दुपारी नवं कोरं मिळत होतं. आणि मला काय मिळालं म्हणाल, तर सत्ता. मटार सोलायला ह्यांना बसवायचं असेल तर मी नुसतं म्हणायची, "त्या दारापलीकडे ना..." की हे धावत टोपली घ्यायचे. कपाटं आवरली गेली. एवढ्या वर्षांत न बसलेली मोरीची तोटी बसली. कडी तेवढी मी बसवू दिली नाही.

पुस्तक? कुठलं पुस्तक? दात आले आणि कासवरावांना कंठ फुटला. आज या संमेलनाचं उद्घाटन, उद्या त्या कॉलेजात भाषण. टीव्हीवर मुलाखत देताना मनमोकळे हसत होते, तर हे पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ बघ, माझ्या दातांनी हसतोय." चणे होते तेव्हा दात नव्हते, आता दात आले तर चणे खायला वेळ नाही.

असेच दिवस जात होते, आणि माझ्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. मला आठवडाभर जाणं भाग होतं. मी बॅग भरत होते. जेवणाखाणाचं सगळं सांगून झालं, बाबांच्या गोळ्या दाखवून झाल्या. हे दारात उभे, जात नाहीत.

"काय राहिलं?" मी विचारलं.

"दुपारचं," हे म्हणाले.

मी घडी घालता घालता थांबले. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "फोनवर सांगीन मी बाबांना."

"फोनवर कोण बोलतंय ते त्यांना कळत नाही. घाबरतात." हे आत आले आणि पलंगावर बसले, माझ्या साड्यांवरच बसले, पण मी उठवलं नाही. "सांग," म्हणाले. "आता मलाच सांग."

"अहो, विचार करा. एवढी वर्षं जपलंत. पुस्तक येईल की."

"पुस्तक येईल तेव्हा येईल गं. बाबा उद्या दुपारी विचारतील."

मग मी सांगितलं. तुम्हालाही सांगून टाकते, तुम्ही तरी का ताटकळावं? दरवाजेवाली थकते. खांदा बधिर होतो आणि ती ठरवते, आता काय व्हायचं ते होवो. दार सोडते. दार उघडतं. पलीकडे एक म्हातारा उभा असतो, त्याचाही खांदा दाराला लावलेला. भुतावळ नाही, काही नाही. तोही एवढी वर्षं दार धरूनच होता, कारण त्याला वाटत होतं, भुतं अलीकडे आहेत. दोघं उंबऱ्यावर बसतात आणि एकमेकांचे खांदे चोळून देतात.

हे ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग स्वभाव थोडाच जाणार? "आणि फितूर सरदाराचं काय झालं?" म्हणाले. "ते सांगितलंच नाही त्यानं." मी बॅगेची चेन ओढली.

आठवड्यानं परत आले ती भर दुपारी. पुढचं दार उघडंच होतं. मशीन बंद. आत हे स्टुलावर आणि बाबा खुर्चीत, गुडघ्याला गुडघा लागलेला. ह्यांचं सांगणं माझ्यासारखं नव्हे. मी आपली चार वाक्यांत उरकायची. ह्यांनी वारा घातला होता, दाराच्या लाकडाला भेगा घातल्या होत्या, म्हाताऱ्याच्या हाताला प्लास्टरसारखं पांढरं काही लागलेलं होतं. मी चपला हातात घेऊन उंबऱ्यातच थांबले. शेवट झाला. बाबांनी डोळे पुसले नाहीत, "असं होय" म्हणाले नाहीत. मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, जरा उजेडाकडे वळवला, आणि म्हणाले, "चालेल."

हे स्वयंपाकघरात माझ्या मागं मागं आले. बहीण कशी आहे वगैरे काही नाही. "ऐकलंस? बाबा 'चालेल' म्हणाले."

"गोष्टीला म्हणाले," मी म्हटलं. "तुम्हाला नाही."

"असू दे," हे म्हणाले आणि चहाचं आधण स्वतः ठेवलं. "सांगितली मी होती."